दार लावून घेतलेली सोंगे

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत कोणी इतिहासावर लिहू लागले की भगिनींना वाटते, आता ही किल्ल्यांची आणि लढायांची नावे सांगणार. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सनावळ्या पाठ करण्यात मी कधी पुढे नव्हते. परंतु बायकांच्या हौसेलाही इतिहास असतो आणि तो लिहून ठेवण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही, म्हणून हा खटाटोप. विषय जरा गमतीचा आहे. घरात दार लावून घ्यायचे, दुसऱ्या कोणाचा तरी वेष अंगावर चढवायचा, त्या वेषात फोटो काढायचा आणि तो जपून ठेवायचा. हल्लीच्या मुली याला ‘कॉस्प्ले’ म्हणतात. मी त्याला सोंगच म्हणते. आणि लिहिणारी बाई स्वतः हा उद्योग करते, हेही आताच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी कुजबुजायला नको.

सोंग हा शब्द आपल्याकडे धड चांगलाही नाही आणि धड वाईटही नाही. मूल झोपेचे सोंग घेते, सून डोकेदुखीचे घेते. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, ही म्हण तर प्रत्येकीने सासरी एकदा तरी ऐकलेली असते. पण त्याच सोंगाला देवळात मान आहे. पैठणच्या नाथमहाराजांनी भारुडे रचली; त्यांतला जोशी, वासुदेव, गोंधळी उभा करायचा तर वेष करावाच लागतो. आपल्या भागात सोंगी भारुडे रात्र रात्र चालत. नवरात्राच्या किंवा उत्सवाच्या शेवटी लळित होई, त्यातही सोंगे. दारावर बहुरूपी येई, त्याला काही ठिकाणी रायरंद म्हणतात. पोलिसाचा डगला घालून ‘चला, वॉरंट निघालंय’ म्हणून दरडावी आणि शेवटी पसाभर ज्वारी घेऊन जाई. जालना शहरात धुळवडीला हत्ती रिसाला निघतो, त्यात एक जण राजा होऊन मिरवतो. ही सगळी सोंगे पुरुषांची आणि सगळी चव्हाट्यावरची. भारुडातली सून पुरुष, सासू पुरुष, तमाशातला नाच्याही पुरुषच.

मग बायकांनी सोंगे केलीच नाहीत का? केली, पण पुरुषांची पाठ वळल्यावर. मंगळागौरीची रात्र आठवून पाहा. फुगड्या, झिम्मा, पिंगा संपला की एकीने डोक्याला पागोटे गुंडाळायचे, काजळाची मिशी ओढायची आणि दुसरीचा नवरा व्हायचे. सासू-सुनेचे भांडण, सवतीचे भांडण, रुसलेली बायको, सगळे हुबेहूब. सासूबाई कोपऱ्यात बसून हसत, आणि आपलीच नक्कल चालली आहे हे त्यांना कळतही असे. उजाडले की पागोटे परत खुंटीवर. त्या रात्रींची छबी कोठेच नाही. कॅमेरा नव्हता हे एक, आणि असता तरी तो धरणारा पुरुष असता, हे दुसरे.

छबी म्हटली की आधी राजा रविवर्म्याचे नाव घेतले पाहिजे. त्याने १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तेथून लक्ष्मी, सरस्वती, दमयंती यांची रंगीत चित्रे घरोघर गेली. त्या काळच्या घरांतून एक कला होती, तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. बायका या छापील चित्रांतल्या देवीला खरे कपडे चढवीत. कागदावर लुगड्याच्या जागी रेशमाचा तुकडा चिकटवायचा, काठाला जर लावायची, दागिन्यांवर टिकल्या आणि मणी शिवायचे. अशी सजवलेली चित्रे आजही जुन्या वस्तूंच्या संग्रहांत पाहायला मिळतात. माझ्या समजुतीने ही आपल्या हौसेची पहिली पायरी. स्वतःला नटवता येईना, तेव्हा चित्राला नटवले.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात लाला दीनदयाळ हा मोठा छायाचित्रकार होऊन गेला. सहाव्या निजामाने, म्हणजे मीर महबूब अली खानाने, त्याला ‘राजा मुसव्विर जंग’ असा किताब दिला होता. या दीनदयाळाने १८९२ साली हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी एक जनानी स्टुडिओ उघडला. पडद्यातल्या बायकांनी परक्या पुरुषासमोर तोंड उघडायचे नाही आणि फोटो तर हवा, ही अडचण त्याने ओळखली. तो स्टुडिओ केनी-लेव्हिक नावाच्या एका इंग्रज बाईच्या ताब्यात दिला. कॅमेरा धरणारी बाई, समोर बसणारी बाई आणि दार बंद. आपण ज्या गोष्टीविषयी बोलत आहोत ती निजामी मुलखात एवढी जुनी आहे.

त्रिपुराच्या राजवाड्यात तर याहून पुढची गोष्ट झाली. महाराज वीरचंद्र माणिक्य यांना फोटोची हौस होती आणि राणी मनमोहिनी त्यांच्याकडून ती विद्या शिकली. १८८० च्या सुमाराचा त्या दोघांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. कॅमेऱ्याला जोडलेली कळ हाती धरून त्यांनी तो स्वतःच काढला. आजच्या मुलींच्या सेल्फीची ही पणजी म्हणायची.

परंतु मला सगळ्यांत जवळची वाटली ती एक इंग्रज सरदारीण, आणि तिच्यापाशी पोहोचायची वाट गंमत म्हणजे आपल्याच जिल्ह्यातून जाते. असईची लढाई आपल्याला माहीत आहे. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांना हरवले. त्या दिवशी वेलस्लीच्या बरोबर घोड्यावर एक २३ वर्षांचा तरुण होता, माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टन. तोच पुढे १८१९ साली मुंबईचा गव्हर्नर झाला. मुंबईचे एलफिन्स्टन कॉलेज त्याच्याच नावाचे. त्याच्या थोरल्या भावाला १८२२ साली एक मुलगी झाली, तिचे नाव क्लेमेंटिना. लग्नानंतर ती लेडी हॉवर्डन झाली. काकाचे नाव आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत पानोपानी आहे. पुतणीचे नाव मी चाळिशी ओलांडल्यावर प्रथम ऐकले.

या बाईला दहा मुले झाली, त्यांतली आठ जगली. १८५७ च्या सुमारास, म्हणजे इकडे बंडाची धामधूम चालली होती त्या दिवसांत, तिने आयर्लंडमधल्या आपल्या घरी फोटो काढायला सुरुवात केली. पुढे १८५९ साली कुटुंब लंडनला आले, तेव्हा तिने नव्या घरातल्या पहिल्या मजल्यावरच्या खोल्या जवळजवळ रिकाम्या ठेवल्या. पाहुण्यांना बसवायच्या दालनात कोच-खुर्च्यांची गर्दी करायची तो तो काळ. हिने तेथे उजेड येऊ दिला. मोठ्या खिडक्या, चांदण्यांच्या नक्षीचा भिंतीचा कागद, एक उंच आरसा, आणि समोर तिच्या थोरल्या मुली, इझाबेला, क्लेमेंटिना आणि फ्लॉरेन्स. मुलींना ती नाना वेष देई. कधी जुन्या काळची राणी, कधी शेतकरीण, तर कधी एक बहीण पुरुषाच्या पोशाखात आणि दुसरी तिची प्रिया. आपल्या मंगळागौरीतले पागोटे आणि हे, यांत मला तरी काही फरक दिसला नाही.

त्या काळचे फोटो काढणे म्हणजे आजच्यासारखे बोट टेकवणे नव्हते. काचेवर कोलोडियन नावाचे चिकट द्रावण सारखे पसरायचे, ती काच अंधारात चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, समोरच्या मुलीला काही सेकंद श्वास रोखून उभे करायचे आणि काच वाळायच्या आत पुन्हा अंधाऱ्या खोलीत पळायचे. चांदीच्या त्या पाण्याने बोटे काळी पडत आणि डाग लवकर जात नसत. मेंदी काढणाऱ्या आपल्याला ते समजेल. अशा रीतीने तिने सात-आठ वर्षांत आठशेहून अधिक फोटो काढले. लंडनच्या छायाचित्र मंडळाने तिला पदके दिली. प्रदर्शनात तिने आपल्या चित्रांना नाव काय दिले, तर नुसते ‘अभ्यासचित्रे’. कोणती मुलगी कोणाचे सोंग घेऊन उभी आहे, हे सांगितलेच नाही. १८६५ च्या जानेवारीत, वयाच्या ४२ व्या वर्षी ती न्यूमोनियाने गेली.

फोटो घरच्या वह्यांत चिकटवलेले राहिले. १९३९ साली तिच्या नातीने त्यांतले ७७५ फोटो लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयाला दिले. ते संग्रहालय त्या जुन्या घरापासून थोड्याच अंतरावर आहे. देताना ते वहीतून फाडून काढावे लागले, म्हणून पुष्कळ फोटोंचे कोपरे फाटलेले आहेत. माझ्या भाचीने मोबाइलवर ते मला दाखवले, तेव्हा मी आधी कोपरेच पाहत बसले. आपल्या घरातही जुन्या वहीतून कात्रण ओढून काढले की असेच होते.

तिच्याच काळात ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन नावाची दुसरी एक बाई होती, जन्माने कलकत्त्याची. तिला ४८ व्या वर्षी लेकीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. तिने घरातल्या कोळशाच्या खोलीची अंधारी खोली केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ. पाहुण्यांना, पोरांना धरून धरून ती राजे, राण्या आणि देवदूत करी. तिची मोलकरीण मेरी हिलियर कितीतरी फोटोंत येशूची आई झाली आहे. ४८ व्या वर्षी ही गोष्ट सुरू करता येते, हे वाचून मला फार बरे वाटले. उलट पॅरिसची ती कास्तिग्लिओनेची सरदारीण पाहा. तिने एका नामांकित स्टुडिओत जाऊन चाळीस वर्षांत चारशेहून अधिक फोटो काढवून घेतले, कधी राणी तर कधी जोगीण होऊन. हौस तीच, पण पैसा अफाट. तिच्याविषयी मला कौतुक कमी आणि आश्चर्य अधिक वाटते.

इकडे महाराष्ट्रात काय चालले होते? रंगभूमीवर स्त्रीची भूमिका पुरुषच करीत. बालगंधर्व १९११ साली ‘मानापमाना’तली भामिनी झाले, १९१६ साली ‘स्वयंवरा’तली रुक्मिणी झाले. त्यांचे लुगडे, त्यांचा खोपा, त्यांची नथ पाहून घरच्या बायका तसे नटू लागल्या. म्हणजे पुरुषाने बाईचे सोंग घेतले आणि बाईने त्या सोंगाचे सोंग घेतले. यात खरे कोण आणि खोटे कोण, हा हिशेब मी सोडून दिला आहे.

दादासाहेब फाळके यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रा’साठी तारामती मिळेना. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीतले आचारी साळुंके तारामती झाले. या गोष्टीत सरस्वतीबाई फाळके यांचे नाव शेवटी येते, ते मी आधी घेते. दागिने विकायला त्यांनी दिले. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांनी केला. फिल्म धुण्याची औषधे त्यांनी कालवली, आणि चित्रीकरणाच्या वेळी नटांच्या तोंडावर उजेड यावा म्हणून पांढऱ्या चादरी धरून त्या उन्हात उभ्या राहिल्या. चादर धरणारीचा फोटो कोण काढणार? पुढे १९१९ साली त्यांची मुलगी मंदाकिनी ‘कालिया मर्दना’त कृष्ण झाली. त्या चित्रपटाच्या आरंभी सात वर्षांची ती पोर नुसते चेहऱ्याचे भाव करून दाखवते, आणि मग तीच कृष्ण होऊन येते. आधी घरातली मुलगी दिसते आणि मग देव दिसतो. भगिनींनी हे अवश्य पाहावे.

आता आपल्या घरची गोष्ट. आपण सगळ्या जणींनी वेष करून फोटो काढलेले आहेत, फक्त तसे म्हणत नाही एवढेच. पहिल्या संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने घालून काढलेला फोटो काय असतो? बोरन्हाणात बाळाला मुकुट-बासरी देऊन कृष्ण करतो, ते काय असते? डोहाळजेवणात तर हिरवी साडी नेसवून, फुलांचे दागिने घालून गर्भारणीला होडीत, चंद्रकोरीवर नाहीतर झोपाळ्यावर बसवायचे, आणि हाती फुलांचे धनुष्यबाण द्यायचे अशीही रीत होती. गावोगावच्या स्टुडिओत या कामाचे सामान असे. रंगवलेला पडदा, त्यावर तळे आणि हंस. लाकडी चंद्र. प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी. पुरुषांसाठी एक कोट, तोच गावातल्या सगळ्या नवरदेवांच्या अंगावर.

माझ्या आईचा असाच एक फोटो आहे. साल १९७९, माझ्या वेळचे डोहाळे. तेव्हा जालना स्वतंत्र जिल्हा नव्हता, तो १ मे १९८१ ला झाला. परतूरकडच्या खेड्यातून आईला बसने जालन्याला आणून स्टुडिओत बसवले. अंगावरची साडी मामींची, नथ शेजारणीची, पाटल्या आत्याबाईंच्या. चंद्र स्टुडिओवाल्याचा. त्या फोटोत आईची स्वतःची म्हणावी अशी एकही वस्तू नाही, आणि आईचा तेवढाच एक फोटो आहे. पुढे वडील लवकर गेले. त्यानंतर आई कॅमेऱ्यासमोर कधी आली नाही. कोणाच्या लग्नात फोटोवाला फिरू लागला की ती उठून स्वयंपाकघरात जाई. ‘माझा काय फोटो काढता आता’, एवढेच म्हणे. २०१७ साली ती गेली. आम्ही भावंडांनी जिला पाहिले, म्हणजे फिक्या रंगाचे लुगडे, मोकळे कपाळ आणि पदर कानामागे घेतलेला, त्या आईची छबी कोठेच नाही.

माझे सोंगाचे वेड २०२० सालच्या टाळेबंदीत सुरू झाले. सगळे घरात, पण दुपारी दोन ते चार सगळे झोपलेले. आमची मागची खोली उत्तरेकडे उघडते, तेथे ऊन येत नाही पण उजेड भरपूर येतो. धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर मोबाइल डब्याला टेकवून ठेवायचा, दहा सेकंदांची वेळ लावायची आणि जाऊन उभे राहायचे. तोंडाची एक बाजू काळी येऊ लागली, तेव्हा समोर खुर्चीवर पांढरे धोतर वाळत घातले. सरस्वतीबाईंच्या चादरीची गोष्ट मी पुढे ऐकली आणि मला एकटीलाच हसू आले. मुकुट लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचा, त्याला मिठाईच्या डब्यातला सोनेरी कागद. पैसे म्हणाल तर जवळजवळ काही लागत नाहीत.

परंतु सोंग अंगावर घेतले की इतिहास शोधावा लागतो, हे मला पुस्तकाने नव्हे, लुगड्याने शिकवले. गंगाखेडची जनाबाई करायची म्हणून जात्यावर बसले. नथ घालून बसले होते. मग वाचनात आले की जुन्या भारतीय मूर्तींच्या नाकात दागिना दिसत नाही, तो पुढच्या काळात आला. जनाबाई तर नामदेवांच्या घरची दासी. तिच्या नाकात मोत्यांची नथ कोठून येणार? नथ काढली. पाव शेर गहू खरोखर दळले, तेव्हा कोठे खांदा बरोबर वाकला. अहिल्याबाईंसाठी चिकणमातीची पिंड केली आणि पांढरे लुगडे घेतले, कारण खंडेराव कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ साली गेले आणि आपण त्यांना ज्या रूपात ओळखतो ते त्यानंतरचे. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके रझाकारांविरुद्ध लढल्या, त्या आपल्याच बदनापूर तालुक्यातल्या. त्यांच्यासाठी काचा मारून उभी राहिले आणि आरशात पाहिले तर माझे मलाच भय वाटले.

खरा घोळ जिजाऊंपाशी झाला. आपल्या शाळांतून, मिरवणुकांतून जिजाऊ म्हणजे ठसठशीत कुंकू आणि नथ. पण शहाजीराजे १६६४ च्या जानेवारीत होदिगेरीला शिकार करताना घोड्यावरून पडून गेले. राज्याभिषेक १६७४ च्या जूनमध्ये झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, १७ जूनला जिजाऊ गेल्या. म्हणजे राज्याभिषेक पाहणारी आई दहा वर्षांची विधवा होती. नाटकवाल्यांना तसे दाखवायला जड जाते, हे मी समजू शकते. मी दोन फोटो काढायचे ठरवले, एक १६६४ च्या आधीचा आणि एक नंतरचा.

पहिला सोपा होता. दुसऱ्यासाठी कुंकू पुसायचे, मंगळसूत्र काढून ठेवायचे, आणि ट्रंकेतले आईचे फिके नऊवारी नेसायचे. सवाष्ण बाईने हे गमतीनेही करू नये, असे आपल्यात मानतात, मला ते ठाऊक आहे. नात्यातल्या एका बाईंनी एकदा खिडकीतून जनाबाई पाहिली होती. तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, ‘या वयात काय ही थेरं!’ कपाळ मोकळे दिसले असते तर वाड्यात काय झाले असते ते सांगायला नको. म्हणून त्या दिवशी दाराला कडी घातली. मी दार लावून घेते ते लाजेने नव्हे. कोणाची सोंगे लोकांना चालतात आणि कोणाची चालत नाहीत, हे मला कळते म्हणून लावते.

फोटो निघाला. मी मोबाइल हातात घेतला आणि त्यात जिजाऊ नव्हत्याच. आई होती. तोच पदर, तीच मान. दहा सेकंदांत मी काही ठरवून केले नव्हते. लुगड्याला सवय असते, ते तसे बसले. संध्याकाळी यांना दाखवला. हे पुष्कळ वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, ‘चांगला आलाय. छापून आण.’ कपाळाविषयी एक अक्षर बोलले नाहीत.

राहिले ते ‘कॉस्प्ले’. माझी भाची पुण्याला शिकते. तिला ही चित्रे दाखवली तेव्हा ती म्हणाली, ‘मावशी, हे जगभर करतात गं.’ मग तिनेच सांगितले. हा शब्द जपानात १९८३-८४ च्या सुमारास नोबुयुकी ताकाहाशी नावाच्या गृहस्थाने रूढ केला. कॉस्च्यूम आणि प्ले हे दोन इंग्रजी शब्द त्याने जोडले. पण गोष्ट त्याआधीची. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या वाचकांचे पहिले जागतिक संमेलन भरले. तेथे फॉरेस्ट अकरमन नावाचा तरुण भविष्यकाळातल्या माणसाचा झगा घालून गेला आणि प्रसिद्ध झाला. त्याच्याबरोबर मर्टल डग्लस ही बाईही तशाच वेषात होती आणि दोघांचे कपडे शिवले होते तिने. याच साली तिकडे लंडनमध्ये हॉवर्डनबाईंची नात वहीतून फोटो फाडून काढत होती. आपल्या देशात २०११ पासून कॉमिक कॉन नावाचे मेळे दिल्ली, मुंबईसारख्या शहरांतून भरतात आणि मुले-मुली वेष करून जातात. भाची मला चल म्हणाली. मी नाही म्हटले. मेळ्यातले सोंग वेगळे. तेथे लोक पाहायला असतात आणि लोकांना आवडेल तसे करावे लागते. जनाबाईची नथ तेथे मला काढता आली नसती.

माझे फोटो मी कोठे पाठवत नाही, गटावर टाकत नाही. एकदा हातातून गेलेली छबी परत येत नाही आणि तिचे लोक काय करतील ते सांगता येत नाही, हे आजकाल रोज ऐकतो. मोबाइलही बिघडतो. म्हणून अकरा फोटो छापून आणले आहेत आणि प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने तारीख, सोंगाचे नाव आणि लुगडे कोणाचे ते लिहिले आहे. हॉवर्डनबाईंनी नावे लिहिली नाहीत, ते मला आवडले नाही. वहीत डिंकाने चिकटवलेले नाहीत, कागदाच्या कोपऱ्यांत अडकवले आहेत, म्हणजे कोणी काढले तर फाटणार नाहीत. आईच्या लुगड्यातला फोटो आणि तिचा १९७९ चा चंद्रावरचा फोटो एकाच पानावर ठेवले आहेत.

सध्या माझे अडले आहे ते रुक्मिणीपाशी. तिला एकटीला उभे करून भागत नाही, शेजारी कमरेवर हात ठेवून कोणीतरी उभे राहायला हवे आणि आमच्या यांना तेवढा वेळ ताटकळता येत नाही. मंडळातल्या कोणा उंच भगिनीची तयारी असेल तर शुक्रवारी दुपारी दोननंतर मी घरी असते. मुकुट तयार आहे, काळे धोतर मी देईन. कुंडले मात्र आपापली आणावीत.